अमेरिकी बँकेत माणसं सांभाळताना

अमेरिकेतल्या मोठ्या बँकेत मुलगा 'व्हाइस प्रेसिडेंट' झाला ही बातमी साताऱ्याला पोचली की तिकडे पेढे वाटले जातात. इकडे त्याच मजल्यावर आणखी पन्नास व्हाइस प्रेसिडेंट बसलेले असतात आणि त्यांतल्या कित्येकांच्या हाताखाली एकही माणूस नसतो. बँकेतली ही पदं म्हणजे बऱ्याच अंशी पगाराच्या पायऱ्या. खरा बदल निराळ्याच दिवशी होतो. एचआरच्या सिस्टीममध्ये सात-आठ नावं तुमच्या नावाखाली दिसू लागतात, त्यांच्या रजा तुमच्याकडे मंजुरीला येतात आणि त्यांचा बोनस ठरतो त्या बैठकीचं तुम्हाला बोलावणं येतं. शार्लट, जर्सी सिटी, कोलंबस, विल्मिंग्टन, टॅम्पा, प्लेनो या गावांत असा दिवस आलेली मराठी माणसं आता पुष्कळ आहेत. तिथवर ती पोचतात ते कोड चांगला लिहितात, जोखमीचं मॉडेल चोख बांधतात म्हणून. माणसं सांभाळायचं त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. बँक एक ऑनलाइन ट्रेनिंग देते, त्याच्या शेवटी दहा प्रश्न असतात आणि त्यात सगळेच पास होतात.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. कुठल्याही कंपनीला लागू पडेल असा सल्ला देणारी पुस्तकं बाजारात भरपूर मिळतात, ते इथे पुन्हा सांगत नाही. बँकेचं वेगळेपण एवढंच की इथे माणसांना कसं वागवलं याचा हिशेब कधी कधी नियामकाच्या आदेशात छापून येतो. गेल्या दहा-बारा वर्षांत अमेरिकी बँकांना झालेल्या मोठ्या दंडांची कागदपत्रं वाचली तर अनेक ठिकाणी एकच गोष्ट दिसते: गडबड सगळ्यांत आधी कळली होती ती काउंटरवरच्या, कॉल सेंटरमधल्या, अलर्ट तपासणाऱ्या माणसाला. ती वर का पोचली नाही, याचं उत्तर मधल्या मॅनेजरांपाशी असतं. तुम्ही आता त्या मधल्या जागेत आहात.

टार्गेट देण्याआधी

वेल्स फार्गोचं प्रकरण बातमीपुरतं सगळ्यांना माहीत आहे. ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावावर खाती आणि कार्डं उघडली गेली, सप्टेंबर २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, त्याआधीच्या पाच वर्षांत ५,३०० कर्मचारी काढले गेल्याचं उघड झालं आणि महिन्याभरात सीईओ जॉन स्टम्फ यांना जावं लागलं. पुढे संशयास्पद खात्यांचा अंदाज ३५ लाखांपर्यंत चढला. फेब्रुवारी २०१८ मध्ये फेडरल रिझर्व्हने बँकेच्या वाढीवर मर्यादा घातली, ती उठायला जून २०२५ उजाडलं. पण मॅनेजरच्या उपयोगाचा मजकूर बातम्यांत नाही. तो बँकेच्या स्वतंत्र संचालकांनी एप्रिल २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात आहे. शंभरावर थोडी पानं आहेत, एका शनिवार-रविवारात वाचून होतात.

त्यात दिसतं ते असं. प्रत्येक ग्राहकाकडे बँकेची आठ उत्पादनं असावीत, हा ध्यास. विक्रीची टार्गेट वरून यायची. त्या योजनेला आतले लोक 'फिफ्टी-फिफ्टी प्लॅन' म्हणत, कारण निम्मेच विभाग ती पुरी करू शकतील असं धरलेलंच होतं. जानेवारीत खास मोहीम असायची. त्या महिन्यात रोजचं टार्गेट आणखी वाढायचं आणि कर्मचाऱ्यांना मित्रांची, नातेवाइकांची यादी करायला सांगितलं जायचं. (नव्याने एलआयसीचं एजंटपण घेतलेल्यांना ही यादी ओळखीची वाटेल.) शाखांमधली माणसं वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त या वेगाने सोडून जात होती. जी गैर करताना सापडायची त्यांना काढलं जायचं, साधारण एक टक्का. त्यावरून वरच्या मजल्यावर निष्कर्ष निघायचा की उरलेली नव्याण्णव टक्के मंडळी नीट वागताहेत.

हा शेवटचा हिशेब मला सगळ्यांत भयंकर वाटतो, कारण तो वाईट माणसांनी केलेला नाही. आकड्यांत मुरलेल्या, हुशार माणसांनी केलेला आहे. दरवर्षी हजारभर माणसं एकाच चुकीसाठी निघत असतील तर चूक माणसांत शोधायची की टार्गेटमध्ये, हा प्रश्न त्यांना वेळेवर पडला नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही तंत्रज्ञानात, आम्हाला कुठे खाती विकायची आहेत? पण आकडे तुमच्याकडेही असतात. स्प्रिंटमध्ये किती तिकिटं बंद झाली, एका माणसाने दिवसाला मनी लाँडरिंगचे किती अलर्ट निकालात काढले, एक फोन किती मिनिटांत संपला. आकडा पगाराला बांधला की तो पुरा होतोच. कसा पुरा झाला, ते स्कोअरकार्डवर दिसत नाही. २०२४ मध्ये वेल्स फार्गोने डझनभराहून अधिक कर्मचाऱ्यांना काढलं. कीबोर्ड चालू असल्याचा देखावा करून काम चाललंय असं भासवल्याचा ठपका त्यांच्यावर होता. त्यांचं समर्थन करायचं कारण नाही, पण कीबोर्ड हलतोय का यावर नजर ठेवली की कुणीतरी कीबोर्ड हलवणारं यंत्र विकत घेणार, एवढं मॅनेजरला आधी सुचायला हवं.

म्हणून टार्गेट ठरवण्याआधी ते काम करणाऱ्या माणसाशेजारी अर्धा दिवस बसा. त्याला विचारा, सगळे नियम पाळून, कुठलीही पायरी न गाळता, हे दिवसाला किती होतं? तो सांगेल तो आकडा आणि वरून आलेला आकडा यांत मोठी फट असेल तर ती फट हा तुमचा प्रश्न आहे, त्याचा नाही. प्रत्येक आकड्याला एक जोडीदार आकडा द्या. अलर्ट किती बंद झाले याच्या शेजारी फेरतपासणीत त्यांतले किती पुन्हा उघडावे लागले हे दिसू द्या. टीममध्ये एखाद्याचं काम इतरांच्या दुप्पट होऊ लागलं तर त्याचा सत्कार करण्यापूर्वी तो ते कसं करतो ते बघा. खरोखर नवी युक्ती सापडली असेल तर ती सगळ्यांना शिकवता येईल, आणि तसं नसेल तर शेजारच्यांना ते बहुधा आधीच माहीत असतं. वरून आलेलं टार्गेट तुम्हाला बदलता येत नसेल तर ते गाठण्यासाठी काय मागे पडणार आहे हे चार ओळींत लिहून वर पाठवा. बोलून विसरू नका, लिहा.

वाईट बातमी आली की

टीडी बँकेचा अमेरिकेतला कारभार न्यू जर्सीतल्या चेरी हिलमधून चालतो. कितीतरी मराठी घरांची खाती या हिरव्या पाटीच्या बँकेत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये या बँकेने मनी लाँडरिंगच्या प्रकरणात गुन्हा कबूल केला आणि एकूण ३०० कोटी डॉलरहून अधिक दंड भरायचं मान्य केलं. या प्रकरणातल्या एका टोळीच्या माणसाने ४७ कोटी डॉलरहून जास्त रक्कम बँकेतून फिरवली होती आणि कर्मचाऱ्यांना ५७ हजार डॉलरहून अधिक किमतीची गिफ्ट कार्डं वाटली होती. कागदपत्रांत कर्मचाऱ्यांच्या आपापसांतल्या ईमेल आहेत. रोख पैशांच्या थैल्या घेऊन येणारा माणूस काय करतोय हे त्यांना कळत होतं, त्यावर ते विनोद करत होते. वर दुसरंच चाललेलं होतं. मनी लाँडरिंगवर देखरेख ठेवणाऱ्या विभागाचा खर्च वर्षानुवर्षं वाढू द्यायचा नाही, असं धोरण होतं.

माणसं विनोद करू लागतात तेव्हा त्यांनी सांगणं सोडून दिलेलं असतं. टीममध्ये एखाद्या कामाबद्दल, एखाद्या ग्राहकाबद्दल, एखाद्या प्रणालीबद्दल सतत थट्टा चालत असेल तर तिथे खाली काय आहे ते बघा.

कुणी काही सांगायला आला तर पहिल्या मिनिटात तुम्ही काय बोलता यावर पुढची दोन वर्षं ठरतात. 'तुला खात्री आहे का?' हा प्रश्न आपल्या तोंडी पटकन येतो. तो गिळा. 'बरं झालं सांगितलंस, कधी दिसलं, कुठे दिसलं?' एवढंच विचारा, तारखेसह लिहून घ्या आणि पुढे काय होणार हे त्याला सांगा. स्वतः चौकशीला निघू नका, त्यासाठी कम्प्लायन्स आणि अंतर्गत चौकशीची माणसं आहेत. आणि गंभीर गोष्ट असेल तर 'हे आपल्यातच राहू दे' असं चुकूनही म्हणू नका, कारण पुढे ते वाक्य तुमच्या विरुद्ध वाचलं जाईल.

सूड उगवणं म्हणजे नोकरीवरून काढणं एवढंच अमेरिकी कायदा मानत नाही. बैठकीतून नाव गाळणं, रेटिंग एक पायरी खाली आणणं, गैरसोयीची पाळी लावणं, हेसुद्धा त्यात येतं. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याच्या 'ओशा' या शाखेने वेल्स फार्गोला लॉस एंजलिस भागातल्या एका मॅनेजरला परत घ्यायला आणि ५४ लाख डॉलर द्यायला सांगितलं. आपल्या हाताखालच्या दोन बँकरांच्या संशयास्पद व्यवहारांबद्दल त्याने तक्रार केली होती आणि २०१० मध्ये त्याची नोकरी गेली होती. तक्रारीनंतर एखाद्याचं रेटिंग खरोखरच खाली आणावं लागणार असेल तर आधी एचआरशी बोला आणि तक्रारीच्या आधीच्या तारखांच्या नोंदी हाताशी ठेवा. त्या नसतील तर तुमचं म्हणणं कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

'हो सर' म्हणणारी टीम

सिटी, बीएनवाय यांसारख्या बँकांची पुण्यात मोठी कामं चालतात, त्यामुळे न्यू जर्सीतल्या मराठी मॅनेजरच्या हाताखाली पुण्याची पाच-सहा माणसं असणं नेहमीचं झालं आहे. ती हुशार असतात, मेहनती असतात आणि फोनवर 'हो सर' म्हणतात. त्या 'हो'चा अर्थ कळलं, जमेल, जमणार नाही पण बघतो, आणि तुमचं चुकतंय पण मी कसं सांगू, यांपैकी काहीही असू शकतो.

११ ऑगस्ट २०२० ला सिटी बँकेला रेव्हलॉन कंपनीच्या कर्जदात्यांना व्याजाचे ७८ लाख डॉलर पाठवायचे होते. पाठवले गेले जवळजवळ ९० कोटी, तेही बँकेचे स्वतःचे. नियम सहा डोळ्यांचा होता. एकाने भरायचं, दुसऱ्याने तपासायचं, तिसऱ्याने मंजूर करायचं. पहिली दोन माणसं भारतातल्या कंत्राटी कंपनीची होती, मंजुरी देणारा डेलावेअरमध्ये होता. मुद्दलाची रक्कम आतल्या खात्यात वळवायला संगणकाच्या पडद्यावर तीन चौकोन भरायला हवे होते, भरला गेला एकच, आणि तिघांनाही वाटलं की बरोबर आहे. (प्रणाली होती फ्लेक्सक्यूब. ती ज्या आय-फ्लेक्स कंपनीची, ती मुंबईत सिटीच्याच पोटातून निघालेली. योगायोग.) काही कर्जदात्यांनी सुमारे ५० कोटी डॉलर परत करायला नकार दिला आणि ते मिळायचा मार्ग मोकळा व्हायला सप्टेंबर २०२२ चा अपील कोर्टाचा निकाल यावा लागला.

या तिघांना वेंधळं ठरवणं सोपं आहे. मला त्यात प्रशिक्षणाची उणीव दिसते. दुसऱ्या माणसाला तपासायला शिकवलेलं असतं ते 'पहिल्याने जे भरलं ते सूचनेशी जुळतं का' एवढंच. 'हे पैसे बाहेर गेले तर कुठल्या खात्यातून जातील?' हा प्रश्न त्याला कुणी विचारायला लावलेला नसतो. तपासणाऱ्या माणसाला घडवायचं असेल तर महिन्यातून एकदा मुद्दाम चुकीची नोंद सरावाच्या प्रणालीत टाका आणि कोण पकडतो ते बघा. पकडणाऱ्याचं नाव सगळ्यांसमोर घ्या. ज्याने पकडली नाही त्याच्याशी एकट्याने बोला. काम समजावून झाल्यावर 'कळलं का?' न विचारता 'तू हे कसं करशील ते मला सांग' असं म्हणा. आणि पुण्याचा माणूस तुम्हाला पहिल्यांदा 'मला हे पटत नाही' म्हणेल तेव्हा तो बरोबर असो वा नसो, त्याचा मुद्दा इतिवृत्तात त्याच्या नावाने लिहा.

वेळेचंही बघा. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेदहा. रोजची बैठक नेहमी तुमच्या सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी जेवायच्या वेळी, असं वर्षानुवर्षं चालतं. आठवड्यातले दोन दिवस ती त्यांच्या सोयीने ठेवा आणि तुम्ही रात्री बसा.

बंद दारामागची बैठक

वर्षाअखेरीला सगळे मॅनेजर एका खोलीत बसतात आणि रेटिंग ठरवतात. याला 'कॅलिब्रेशन' म्हणतात. तिथे तुमच्या माणसाची बाजू मांडायला तुमच्याखेरीज कुणी नसतं. 'ती फार मेहनती आहे, स्वभावाने चांगली आहे' एवढंच तुमच्याजवळ असेल तर ती हरते. 'मार्चमध्ये तिने तिमाही अहवालातली दुबार नोंद पकडली, त्यामुळे नियामकाला अहवाल पुन्हा पाठवावा लागला नाही' असं असेल तर ती जिंकते. त्यामुळे प्रत्येकासाठी एक पान ठेवा आणि दर पंधरवड्याला एक ओळ लिहा, तारीख घालून. हे काम डिसेंबरात करता येत नाही. डिसेंबरात फक्त नोव्हेंबर आठवतो.

तोंडावर कौतुक करू नये, माणूस शेफारतो, ही आपली जुनी समजूत. ती विमानतळावरच सोडून आला असतात तर बरं झालं असतं. ज्याला वर्षभर काही सांगितलं नाही तो 'सगळं ठीक आहे' असं धरून चालतो. डिसेंबरात वाईट रेटिंग मिळालं की त्याला धक्का बसतो, आणि तो धक्का तुमच्या कामातला दोष असतो. कमी पडत असेल तर त्याच आठवड्यात सांगा. काय झालं, त्याचा परिणाम काय झाला, पुढच्या वेळी काय हवं, एवढंच. लिहिताना माणसाबद्दल लिहू नका, घटनेबद्दल लिहा. 'उत्साह कमी', 'नव्या पिढीइतका चटपटीत नाही' असली वाक्यं तर मुळीच नकोत. १९६७ च्या कायद्याने चाळिशीच्या पुढच्या कर्मचाऱ्यांना वयावरून होणाऱ्या भेदभावापासून संरक्षण दिलेलं आहे आणि असं एक वाक्य वकिलाला पुरतं.

सुधारणा योजनेवर, म्हणजे ज्याला सगळे 'पीआयपी' म्हणतात त्यावर, माणूस टाकायची वेळ आली तर स्वतःला खरं उत्तर द्या: तो सुधारावा असं तुम्हाला वाटतं, की जावा असं? सुधारावा असं वाटत असेल तर आठवड्याला एक तास त्याच्यासाठी काढा. तो तास काढायची तयारी नसेल तर त्याला स्पष्ट सांगा आणि दुसरी जागा शोधायला वेळ द्या. दोन महिने नाटक करण्यात कुणाचं भलं नाही.

रजा

अमेरिकी बँकांत संवेदनशील कामावरच्या माणसांनी, म्हणजे पैसे पाठवणारे, ट्रेडिंग करणारे, खात्यांचा ताळमेळ घालणारे यांनी, वर्षात सलग दोन आठवडे कामापासून पूर्ण दूर राहायचं अशी पद्धत आहे. फेडरल रिझर्व्हचं याबद्दलचं मार्गदर्शन १९९६ चं आहे. आदल्याच वर्षी जपानच्या दाइवा बँकेच्या न्यूयॉर्क शाखेतल्या एका ट्रेडरने अकरा वर्षं लपवलेला ११० कोटी डॉलरचा तोटा बाहेर आला होता. लपवाछपवी रोज उठून निस्तरावी लागते. दुसरा माणूस खुर्चीत बसला की ती उघडी पडते. भारतात रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये अशाच जागांसाठी दहा कामकाजाच्या दिवसांची सक्तीची रजा सांगितली, तीही आधी न कळवता.

'मी पाच वर्षांत एक दिवस रजा घेतली नाही' हे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. इथल्या ऑडिटरच्या कानाला ते वेगळं ऐकू येतं.

या दोन आठवड्यांचा दुसरा उपयोग फारसं कुणी करून घेत नाही. वरिष्ठ माणूस डिसेंबरात कोल्हापूरला गेला की त्याची जागा सगळ्यांत अनुभवी सहकाऱ्याला न देता त्याच्या खालच्या, अजून कच्च्या वाटणाऱ्या माणसाला द्या. आधी तीन आठवडे तयारी करून घ्या, मंजुरीचे अधिकार मर्यादित ठेवा, आणि काय अडलं याची यादी त्याच्याकडून लिहून घ्या. ती यादी म्हणजे पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षणाचा आराखडा. कुठल्याही महागड्या लीडरशिप प्रोग्रॅमपेक्षा या दोन आठवड्यांत माणूस जास्त शिकतो, असं माझं मत आहे. रजेवरच्या माणसाला मात्र फोन करायचा नाही. एक फोन केलात की नियमही मोडला आणि प्रयोगही.

आजारपणाच्या रजेचं निराळं. 'वडील पुण्यात हॉस्पिटलमध्ये आहेत, मला जावं लागेल' असं कुणी म्हणालं तर त्याने १९९३ च्या 'एफएमएलए' कायद्याचं नाव घ्यायची गरज नाही. ते ओळखून एचआरला कळवणं हे तुमचं काम. बँकेत वर्षभर आणि गेल्या बारा महिन्यांत १,२५० तास काम झालेल्याला साधारणपणे बारा आठवड्यांची बिनपगारी, नोकरी सुरक्षित ठेवणारी रजा मिळू शकते. यात आई-वडील येतात, सासू-सासरे येत नाहीत. आपल्या माणसांना हे ऐकून धक्का बसतो, विशेषतः सुनांना. बँकेचं स्वतःचं धोरण कधी कधी कायद्यापेक्षा उदार असतं, तेव्हा 'नाही' म्हणायच्या आधी विचारा.

तासावर पगार असलेल्या माणसांना, म्हणजे टेलर, कॉल सेंटर, काही ऑपरेशन्स, रात्री नऊला 'जरा एवढं बघशील का' असा निरोप पाठवू नका. ते बघणं हा कामाचा वेळ ठरतो आणि आठवड्याचे चाळीस तास उलटले असतील तर त्याचा पगार दीडपट दराने द्यावा लागतो.

व्हॉट्सअॅप, आडनावं आणि गणपती

टीमचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढू नका. वाढदिवसांसाठीसुद्धा नको, कारण तिसऱ्या दिवशी तिथे कामाचं बोलणं सुरू होतं. डिसेंबर २०२१ मध्ये जेपी मॉर्गनला अशा नोंदीबाहेरच्या संदेशांसाठी २० कोटी डॉलर मोजावे लागले आणि पुढच्या वर्षी वॉल स्ट्रीटवरच्या आणखी डझनभर कंपन्यांचा नंबर लागला. कुणी तिथे कामाचं विचारलं तर उत्तर बँकेच्या प्रणालीत द्या.

टीममध्ये मराठी माणूस असेल तर त्याच्याशी बैठकीत मराठी बोलू नका. ओहायोच्या सहकाऱ्याला वाटतं की काहीतरी त्याच्यापासून लपवलं जातंय, आणि हैदराबादच्या सहकाऱ्याला तर खात्रीच असते. आडनावावरून 'म्हणजे तुम्ही कोण?' हा प्रश्न इथे आणूच नका. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये सिस्को कंपनीवर जातीच्या भेदभावाचा दावा लावला तेव्हा तो भारतीय मॅनेजरांच्या वागण्याबद्दल होता. त्या मॅनेजरांविरुद्धचा दावा पुढे मागे घेतला गेला, पण सिएटल शहराने २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला बंदी घातली. कोर्टाचं सोडा, ज्याला तो प्रश्न विचारला जातो त्याला तो का विचारला हे बरोबर कळतं. गणपतीला घरी बोलवायचं तर अख्ख्या टीमला बोलवा, नाहीतर कुणालाच नको.

चांगला माणूस अडवून ठेवणं

मोठ्या बँकेचा मोठा फायदा हा की नोकरी न सोडता नोकरी बदलता येते. बँक ऑफ अमेरिकाची 'द अकॅडमी' नावाची अंतर्गत प्रशिक्षण यंत्रणा शाखेतल्या नव्या माणसाला पुढच्या पायऱ्यांसाठी तयार करते. इतर बँकांतही आतल्या जागांच्या जाहिराती रोज लागतात. अडवणारा असतो तो मॅनेजर. सगळं काम ज्याच्यावर चालतं त्याला सोडवत नाही. मग 'अजून एक रिलीज होऊ दे' करत दोन वर्षं जातात आणि एके दिवशी तो शेजारच्या बँकेत जातो. बरोबर तुमचं सगळं ज्ञानही जातं.

दर सहा महिन्यांनी प्रत्येकाला विचारा, इथून पुढे कुठे जायचंय? उत्तर 'तुमच्या जागेवर' असं आलं तर हसू नका. ज्या विभागात त्याला जायचंय तिथल्या मॅनेजरशी त्याची ओळख तुम्ही करून द्या. नुसता सल्ला देणारे पुष्कळ असतात. बंद दारामागे नाव घेणारा हवा असतो, आणि या देशात शिकायला नवीन आलेल्या, इथे कुणीही ओळखीचं नसलेल्या मुलांना तो सगळ्यांत कमी मिळतो. ज्यांच्या टीममधून माणसं वर जातात त्या मॅनेजरांकडे चांगली माणसं आपणहून येतात, हेही आहेच.

कपात

नागपूरचे विक्रम पंडित सिटीग्रुपचे सीईओ असताना नोव्हेंबर २००८ मध्ये बँकेने ५० हजारांहून अधिक जागा कमी करत असल्याचं जाहीर केलं. फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांनी नफा होईपर्यंत वर्षाला एक डॉलर पगार घेईन असं अमेरिकी संसदेसमोर सांगितलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांचीच खुर्ची एका दिवसात गेली. अमेरिकी बँकेत कपात येते, वरपर्यंत येते, आणि तुमच्या टीमवर ती यायची शक्यता तुमच्या कामगिरीशी फारशी बांधलेली नसते.

यादी तुमच्याकडून मागितली तर कारणं कामाच्या जागेशी जोडा, माणसाशी नको. कोण गरोदर आहे, कोण रजेवर आहे, कुणाचा व्हिसा चाललाय याचा विचार यादी करताना मनातही येऊ देऊ नका. सांगायच्या दिवशी एचआरने दिलेला मजकूर वाचा, पण त्याआधी पहिल्या वाक्यात गोष्ट सांगून टाका. हवापाण्याच्या गप्पा नकोत. एच-वन-बीवर असलेल्या माणसाला नोकरीचा शेवटचा दिवस नेमका कोणता ते लिखित द्या, कारण त्यानंतर त्याच्या हातात जास्तीत जास्त साठ दिवस असतात आणि तो दिवस साधारणपणे शेवटच्या पगाराच्या तारखेवरून धरला जातो. व्हिसाबद्दल सल्ला देऊ नका, बँकेच्या इमिग्रेशन विभागाचा आणि शक्य असल्यास वकिलाचा संपर्क द्या. नंतर आठवड्याभरात एक फोन करा. बहुतेक मॅनेजर करत नाहीत, लाज वाटते म्हणून.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या टीमला बोलवा. गेलेल्यांचं काम कुणाकडे जाणार हा त्यांच्या मनातला पहिला प्रश्न असतो. दहा जणांचं काम आठ जण करणार असतील तर कुठली दोन-तीन कामं आता बंद होणार हे त्याच बैठकीत सांगा आणि ती यादी तुमच्या वरिष्ठाला त्याच दिवशी पाठवा. ती यादी नसेल तर बैठक पुढे ढकला, पण एका दिवसापेक्षा जास्त नको.